रकाना कोण आखतं? विदा, वर्गीकरण आणि स्त्रीवादी दृष्टी

(चर्चामंचावरचा धागा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तळटीप

पक्षपाती अल्गोरिदमची बातमी आली की सगळी चर्चा मॉडेलभोवती, म्हणजे नोंदींवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीभोवती फिरते. पण बायका विदातून (म्हणजे डेटातून) निसटतात त्या बहुतेक वेळा मॉडेलच्या कितीतरी आधी, रकाने आखले जातात तेव्हा. कोणता प्रश्न विचारायचा, उत्तराचे किती पर्याय द्यायचे, कोणत्या कामाला 'काम' म्हणायचं, हे ठरलं की पुढची आकडेमोड कितीही प्रामाणिक असली तरी त्याच चौकटीत होते. या धाग्यात त्या आधीच्या टप्प्याबद्दल बोलावं अशी विनंती आहे. तत्त्व सांगा, पण त्यासोबत नेमकं कुठे काय बिघडतं तेही लिहा.

सुरुवात सगळ्यात साध्या रकान्यापासून करते. आयएसओ ५२१८ हे स्त्री-पुरुष नोंदीसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात चार संकेतांक आहेत: ० म्हणजे माहीत नाही, १ पुरुष, २ स्त्री, ९ लागू नाही. मानक समजायला सोपं आहे, गोंधळ वापरात होतो. विश्लेषण करणारा पहिल्याच ओळीत 'संकेतांक २ असेल तर स्त्री = खरे, नाहीतर खोटे' असा नवा रकाना तयार करतो. त्या क्षणी ० आणि ९ वाले सगळे गुपचूप पुरुषांच्या बाजूला जाऊन बसतात. समजा १००० नोंदींत ४८० पुरुष, ४२० स्त्रिया आणि १०० अज्ञात आहेत. अहवालात स्त्रियांचं प्रमाण ४२ टक्के येईल. ज्यांची माहिती आहे त्यांच्यात ते ४६.७ टक्के आहे. मॉडेल अजून शिकायलाही बसलेलं नाही आणि जवळपास पाच टक्के-बिंदूंचा फरक पडून गेला.

दुसरी चूक म्हणजे एकाच रकान्याकडून तीन कामं करून घेणं. जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग, व्यक्तीने स्वतः सांगितलेला लिंगभाव आणि पत्रात कसं संबोधायचं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. संबोधनासाठी लिंग विचारायची गरज नसते, 'तुम्हाला कसं संबोधावं' एवढंच विचारावं. आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची यादी काढायची असेल तर यातलं एकही पुरेसं नाही. तिथे 'गर्भाशयमुख आहे की नाही' हीच नोंद लागते. शस्त्रक्रियेने गर्भाशय काढलेली स्त्री यादीत येते आणि ज्या पुरुषाला (जन्माच्या वेळी स्त्री म्हणून नोंदलेल्या ट्रान्स पुरुषाला) तपासणीची गरज आहे तो यादीबाहेर राहतो, याचं कारण तो एकच ताणलेला रकाना.

अनुक्रमणी

ग्रंथालयशास्त्रात हा वाद विदाविज्ञान हा शब्द रुळण्याच्या खूप आधीपासून आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ड्यूई दशांश वर्गीकरण म्हणजे पुस्तकांना विषयानुसार अंक देण्याची ग्रंथालयांची पद्धत. तिच्या जुन्या आवृत्त्यांत स्त्रियांचा विषय ३९६ वर होता. शेजार बघा: ३९० चालीरीती, ३९१ पोशाख, ३९५ शिष्टाचार, ३९८ लोककथा. स्त्रियांच्या मताधिकारावरचं पुस्तक शेल्फवर शिष्टाचार आणि लोककथांच्या मधे उभं राहायचं. राज्यशास्त्र वाचणारा माणूस त्या कपाटाकडे फिरकायचाच नाही. आता हा विषय ३०५.४ वर, सामाजिक गटांमध्ये आहे. म्हणजे वर्गांक नुसता पत्ता नसतो. पुस्तकाच्या आजूबाजूला कोण उभं राहणार हेही त्यानेच ठरतं.

विषयशीर्षकांचं, म्हणजे सूचीत पुस्तकाच्या विषयाला दिलेल्या ठरावीक नावांचं, तसंच. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या शीर्षकांवर ग्रंथपाल सॅनफर्ड बर्मन यांनी १९७१ साली पुस्तकभर टीका केली आणि पुढच्या वर्षांत 'अमुक म्हणून स्त्रिया' या धर्तीची बरीच शीर्षकं बदलली. 'म्हणून' या एका शब्दात तो व्यवसाय मुळात त्यांचा नाही हे गृहीत होतं. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक होप ओल्सन यांनी २००२ मध्ये 'द पॉवर टू नेम'मध्ये याच्या मुळाशी जाऊन मांडणी केली: सूचीकार वाचकासाठी एकच भाषा ठरवतो, आणि ती भाषा ज्याला सर्वसामान्य समजते त्याला विशेषण लागत नाही. विशेषण इतरांना लागतं.

आता प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी. शीर्षक बदलताना जुनं पुसू नका. प्राधिकृत नोंदीत (शीर्षकाचं ठरलेलं रूप जिथे नोंदतात तिथे) १५० क्रमांकाच्या क्षेत्रात नवं शीर्षक घाला, जुनं ४५० मध्ये 'पाहा' संदर्भ म्हणून ठेवा, आणि संबंधित शीर्षकं ५५० मध्ये जोडा. जुनं पुसलं तर दोन नुकसानं होतात. जुन्या संज्ञेने शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही, आणि पूर्वी काय म्हटलं जात होतं याचा पुरावाही जातो. दुसरं पथ्य म्हणजे संकुचित शीर्षक दिल्यावर व्यापक शीर्षकाच्या शोधात ते येतं का हे तपासा. 'स्त्री वैद्य' एवढंच दिलं आणि शोधप्रणाली संकुचित संज्ञा आपोआप उलगडत नसेल, तर 'वैद्य' शोधणाऱ्याला ते पुस्तक दिसणार नाही.

विकिपीडियावर २०१३ मध्ये नेमकं हेच झालं. इंग्रजी विकिपीडियावर अमेरिकी कादंबरीकारांच्या वर्गातून लेखिकांची नावं उचलून 'अमेरिकी स्त्री कादंबरीकार' या उपवर्गात नेली जात होती. मूळ वर्गात उरत होते ते पुरुष. कादंबरीकार अमांडा फिलिपाची यांनी वृत्तपत्रात लिहिल्यावर ते उघड झालं. उपाय तांत्रिकच होता: असा उपवर्ग ठेवायचा असेल तर नाव दोन्हीकडे असलं पाहिजे, उपवर्गात टाकताना मूळ वर्गातून काढायचं नाही. स्वतःची वर्गवारी बांधणाऱ्या प्रत्येकाने हा नियम लिहून ठेवावा.

नोंदवही

अनुक्रमणी, व्यक्तिनामांच्या प्राधिकृत नोंदीतल्या ३७५ क्षेत्राबद्दलही लिहा ना. नव्याने शिकणाऱ्यांना ते भरावं की नाही हेच कळत नाही.

अनुक्रमणी

भरू नये, हे थोडक्यात उत्तर. ३७५ म्हणजे लेखकाचं लिंग. आरडीए या सूचीकरणाच्या नियमावलीतल्या ९.७ मध्ये सुरुवातीला शब्दयादीत पुरुष, स्त्री, अज्ञात एवढेच पर्याय होते. बिली, ड्रॅबिन्स्की आणि रॉबर्टो या ग्रंथपालांनी २०१४ मध्ये या नियमावर टीका केली: सूचीकार हे पुस्तकाच्या वेष्टनावरच्या छायाचित्रावरून किंवा नावावरून ठरवतात, आणि एकदा नोंदलेलं ते जगभरच्या सूचींमध्ये उतरतं. पुढे ती शब्दयादी मागे घेतली गेली, आणि ग्रंथालयांच्या सहकारी सूचीकरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालात हे क्षेत्र भरूच नये अशी शिफारस आली.

यात खरा पेच आहे आणि तो लपवू नये. नोंद केली नाही तर 'आपल्या संग्रहात किती लेखिका' हा प्रश्न सूचीतून सुटत नाही. नोंद केली तर एखाद्या व्यक्तीची ओळख तिच्या संमतीशिवाय कायमची उघड होते, आणि काहींच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकतं. माझं मत: मोजणी करायचीच असेल तर ती वेगळ्या, तात्पुरत्या अभ्यासपत्रकात करा. प्रत्येक नोंदीसमोर आधार काय ते लिहा (लेखकाने स्वतः सांगितलं, सर्वनामावरून, नावावरून अंदाज), निष्कर्ष काढा, आणि व्यक्तिगत ओळी सूचीत परत नेऊ नका.

मध्यक

मुद्दे पटतात, पण एक प्रामाणिक शंका आहे. संख्याशास्त्रात नमुन्यातला पूर्वग्रह, मोजमापातली चूक, प्रतिसाद न मिळणं या संकल्पना आहेतच. त्या नीट वापरल्या तर हे सगळं पकडता येतं. मग 'स्त्रीवादी' हे विशेषण कशासाठी? त्याने उलट पद्धतीच्या तटस्थतेबद्दल शंका निर्माण होते.

तळटीप

मध्यक, शंका रास्त आहे. नमुना सुधारून जी माणसं सुटली ती परत आणता येतात. जी कल्पनाच प्रश्नावलीत नव्हती ती भारांकन करून (म्हणजे मिळालेल्या उत्तरांना कमी-जास्त वजन देऊन) आणता येत नाही. कोणत्या गोष्टी मोजण्याजोग्या मानल्या गेल्या, हे ठरवताना टेबलाभोवती कोण होतं हा प्रश्न संख्याशास्त्राच्या सूत्रात बसत नाही. तत्त्वज्ञ सँड्रा हार्डिंग यांनी त्याला 'बळकट वस्तुनिष्ठता' म्हटलं. त्यांचा आग्रह वस्तुनिष्ठता सोडण्याचा नाही, ती वाढवण्याचा आहे: संशोधकाची जागा आणि गृहीतकंही तपासणीच्या कक्षेत घ्या. स्त्रीवादी अभ्यासक डॉना हॅरावे यांनी १९८८ मध्ये हेच दुसऱ्या बाजूने मांडलं, की कुठूनच न पाहणारी नजर नसते, प्रत्येक ज्ञान कुठल्यातरी जागेवरून मिळवलेलं असतं. डिग्नात्सिओ आणि क्लाइन यांच्या २०२० च्या 'डेटा फेमिनिझम'मध्ये जी सात तत्त्वं आहेत त्यात सत्ता तपासणं हे पहिलंच आहे, आणि श्रम दृश्य करणं हे शेवटचं.

उदाहरण हवं असेल तर 'रोजगार' या शब्दाची व्याख्याच घ्या. दिनलेख इथे असतील तर त्यांनी लिहावं, त्यांचा तो प्रांत आहे.

दिनलेख

लिहितो. लांब होईल.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९ व्या श्रमसंख्याशास्त्रज्ञ परिषदेने २०१३ मध्ये काम आणि रोजगार यांची फारकत केली. काम म्हणजे वस्तू किंवा सेवा निर्माण करणारी कोणतीही कृती, मग मोबदला असो वा नसो. रोजगार म्हणजे फक्त मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम. पहिला भाग मोठी जीत होती, कारण स्वयंपाक आणि संगोपन अधिकृतपणे 'काम' ठरलं. दुसऱ्या भागाचा परिणाम मात्र असा की घरच्या खाण्यापुरतं पिकवणारी स्त्री, जी १९८२ च्या जुन्या मानकानुसार रोजगारात धरली जाऊ शकत होती, ती आता रोजगाराबाहेर गेली. त्यामुळे जुनी आणि नवी आकडेवारी एका रेषेत जोडून 'स्त्रियांचा रोजगार घटला' असं लिहिलं तर त्यातला काही भाग निव्वळ व्याख्येचा असतो. आलेखावर त्या वर्षी रेषा तोडा. ठिपक्यांनीही जोडू नका.

प्रश्नांचा क्रम तितकाच महत्त्वाचा. पहिला प्रश्न 'तुमचं मुख्य काम काय?' असा असेल तर दिवसाला तीन तास शिवणकामाचे पैसे मिळवणारी बाईही 'घरकाम' सांगते. त्या उत्तरावर प्रश्नावली पुढच्या पानावर उडी मारते आणि रोजगाराचा सगळा विभाग तिला विचारलाच जात नाही. म्हणून आधी गेल्या सात दिवसांबद्दल विचारायचं: मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी किमान एक तास काही केलंत का? उदाहरणांची यादी वाचून दाखवायची: विकण्यासाठी काही बनवलं का, दुसऱ्याच्या शेतात गेलात का, घरच्या व्यवसायात हातभार लावलात का. 'मुख्य काम' सगळ्यात शेवटी. आणि शक्य तिथे प्रत्येकीला स्वतःला विचारायचं. घरातल्या एकाने सगळ्यांच्या वतीने उत्तरं दिली की सगळ्यात आधी गळतात ती बायकांची अधूनमधूनची कमाईची कामं.

आता वेळेची रोजनिशी. वेळेच्या वापराच्या युरोपीय सुसूत्र सर्वेक्षणात दिवस १० मिनिटांच्या घरांत विभागलेला असतो आणि प्रत्येकाकडून दोन दिवस भरून घेतात, एक कामाचा आणि एक सुट्टीचा. प्रत्येक घरासमोर मुख्य कृती, समांतर कृती, जागा आणि सोबत कोण हे रकाने. समांतर कृतीचा रकाना गाळला तर खर्च वाचतो, पण पहिला बळी जातो तो संगोपनाचा. भाजी चिरताना मूल शेजारी अभ्यास करतंय, तर बाई 'स्वयंपाक' लिहिते. मूल झोपलेलं असेल तर तीही लिहीत नाही आणि विचारणाराही विचारत नाही. पण ती घर सोडून जाऊ शकत नाही, हा वेळ तिचा नाही. अमेरिकी सर्वेक्षणात यासाठी वेगळा प्रश्न आहे: कोणत्या वेळी १३ वर्षांखालचं मूल तुमच्या जबाबदारीवर होतं? वृद्ध आणि आजारी माणसांसाठीही असाच प्रश्न घाला, तो बहुतेक ठिकाणी राहून जातो.

बेरजेची खबरदारी. मुख्य आणि समांतर मिनिटं एकत्र केली तर दिवस १४४० मिनिटांपेक्षा मोठा होतो. दोन स्वतंत्र कोष्टकं द्या. सरासरीही दोन द्या. १०० पुरुषांपैकी २५ जणांनी प्रत्येकी ६० मिनिटं स्वयंपाक केला असेल, तर सगळ्यांची सरासरी १५ मिनिटं येते आणि करणाऱ्यांची ६०. फक्त दुसरा आकडा छापला की पुरुष रोज तासभर स्वयंपाक करतात असं वाटतं. फक्त पहिला छापला की ७५ जणांनी पळीला हातच लावला नाही हे झाकलं जातं.

वर्गीकरणासाठी आयकॅटस २०१६ हे वेळेच्या वापराचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वापरा. त्यात नऊ मुख्य विभाग आहेत आणि बिनमोबदला घरकाम (३) आणि बिनमोबदला संगोपन-शुश्रूषा (४) वेगळे आहेत. पाणी आणि सरपण आणणं तिसऱ्यात जात नाही, ते दुसऱ्या विभागात, स्वतःच्या वापरासाठीच्या वस्तुनिर्मितीत येतं. राष्ट्रीय लेख्यांच्या, म्हणजे देशाचं उत्पादन मोजण्याच्या, पद्धतीत हे काम उत्पादनाच्या सीमेच्या आत आहे आणि त्याच पाण्याने केलेला स्वयंपाक सीमेबाहेर. ही सीमा माणसांनी आखलेली आहे हे अर्थतज्ज्ञ मेरिलिन वॉरिंग यांनी १९८८ मध्येच दाखवून दिलं होतं. संकेतांक देणाऱ्यांनी पाणी तिसऱ्यात टाकलं तर शाश्वत विकास उद्दिष्टांमधला ५.४.१ हा बिनमोबदला घरकाम-संगोपनाच्या वेळेचा निर्देशांक फुगतो आणि उत्पादनाचा आकडा आकसतो, एकाच चुकीने दोन्ही.

मध्यक

दिनलेख, क्रम बदलल्याने आकडा बदलतो हे माहीत होतं, पण उडीच्या सूचनेमुळे विभागच गळतो हा मुद्दा मी असा पाहिला नव्हता. ही मोजमापातली चूक म्हणावी तर प्रश्न नीट विचारला गेलाय, उत्तर खरं दिलं गेलंय, तरी माहिती गेली. मान्य.

कर्मणी

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी वेगळा विभाग लागेल. इंग्रजीसाठी तयार झालेल्या चाचण्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत, कारण आपल्याकडे लिंग सर्वनामात कमी आणि क्रियापदात जास्त असतं.

आधी मोजणीच्या चुका. 'ती' हा शब्द मोजून 'संग्रहात इतके स्त्री-उल्लेख' असं लिहिलेलं दिसतं. पण ती वही, ती खुर्ची, ती मुलं (नपुंसकलिंगी अनेकवचन) या सगळ्या तिथेच पडतात. 'ते'चं तर विचारूच नका: ते झाड, ते पुरुष, आणि आदरार्थी एकवचन. 'गेलो' म्हणजे पुरुष बोलतोय असंही नाही, 'आम्ही गेलो' बायकाही म्हणतात. उलट 'मी गेले' मधलं 'मी' गाळलं, जे आपण सर्रास गाळतो, की उरतं 'गेले', आणि ते 'ते गेले' सारखंच दिसतं. स्त्रीचा स्वतःबद्दलचा आवाज यंत्राला असा ऐकू येईनासा होतो. म्हणून मोजणी शब्दांची नको. वाक्याचं विश्लेषण करून कर्ता आणि क्रियापद यांची जोडी मोजा, आणि निदान २०० वाक्यं हाताने तपासून चूक किती ते लिहा.

दुसरं, अदलाबदलीने तयार केलेली वाक्यं. पक्षपात तपासायला किंवा प्रशिक्षणाचा संग्रह समतोल करायला 'तो' च्या जागी 'ती' घालतात. मराठीत त्याने 'ती आला' तयार होतं. क्रियापद, विकारी विशेषण आणि षष्ठी तिन्ही बदलावे लागतात. षष्ठीत सापळा आहे: 'त्याचा भाऊ' चं 'तिचा भाऊ' होतं, 'तिची भाऊ' नाही, कारण पहिला भाग मालकाप्रमाणे आणि प्रत्यय मालकीच्या वस्तूप्रमाणे चालतो. 'हुशार' बदलत नाही, 'चांगला' बदलतो. नियमांची यादी करून रूपं नव्याने घडवा, आणि तयार झालेल्या वाक्यांतली चुकीची रूपं काढून टाका. नाहीतर मॉडेलला शिकवलं जातं की स्त्रियांबद्दलची वाक्यं व्याकरणदृष्ट्या मोडकी असतात.

तिसरं, अर्ज, संमतिपत्रं आणि ॲपमधला मजकूर. यंत्र 'आय अग्री' चं 'मी सहमती देतो' करतं आणि अर्ध्या वापरणाऱ्या परक्या ठरतात. 'देतो/देते' अशी तिरकी रेघ वाचायला त्रासदायक आहे आणि ज्यांना दोन्ही लागू नाही त्यांना तीही बाहेर ठेवते. आपल्या व्याकरणातच वाट आहे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्मणी किंवा भावे होतो, त्यात कर्त्याचं लिंग दिसतच नाही: 'मी अटी वाचल्या आहेत', 'मी माहिती भरली आहे'. 'मला मान्य आहे' चालतं. भविष्यकाळ चालतो: 'मी कळवेन'. अपूर्ण वर्तमान पूर्ण लिहिला तर चालतो, 'मी पाठवत आहे', पण बोलीतलं 'पाठवतोय' नाही. समोरच्याला 'तुम्ही' म्हटलं की 'तुम्ही निवडलंत', 'तुम्ही आलात' दोन्ही ठीक. 'तू' मध्ये 'आलास/आलीस' होतं, भविष्यकाळात 'येशील' मात्र सगळ्यांना एकच.

अपवाद लक्षात ठेवा. शिकणे, विसरणे, बोलणे, पिणे, म्हणणे ही क्रियापदं भूतकाळातही कर्त्याप्रमाणे चालतात. 'मी संकेतशब्द विसरलो' हे प्रत्येक ॲपमध्ये असतं. 'संकेतशब्द आठवत नाही' लिहा. 'मी म्हणालो' ऐवजी 'मी म्हटलं'. 'मी इच्छितो' ऐवजी 'माझी इच्छा आहे'.

नोंदवही

+१. 'संकेतशब्द आठवत नाही' लगेच वापरण्याजोगं आहे. एक भर: आदरार्थी तृतीय पुरुषात 'डॉक्टर आले' आणि 'डॉक्टर आल्या' वेगळं होतं, पण 'डॉक्टरांनी तपासलं' मध्ये होत नाही. यंत्रानुवाद तपासताना दोन्ही प्रकारची वाक्यं ठेवावीत. पहिल्या प्रकारातच पक्षपात दिसू शकतो. दुसऱ्या प्रकारची वाक्यं जास्त असतील तर गुण उगाच चांगले येतात.

कोष्टक

मॉडेलच्या मूल्यमापनाबद्दल. एकूण अचूकता हा सगळ्यात फसवा आकडा. ९०० पुरुष आणि १०० स्त्रियांच्या चाचणीसंचात पुरुषांच्या ९ आणि स्त्रियांच्या २० चुका झाल्या तर अचूकता ९७.१ टक्के दिसते. स्त्रियांसाठी दर पाचात एक चूक आहे हे त्यात बुडून जातं.

आणि नुसतं स्त्री-पुरुष असं एकेरी विभाजनही पुरत नाही. अमेरिकी कायदेअभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये छेदनात्मकता (वंश, लिंग असे भेद एकाच व्यक्तीवर एकत्र काम करतात ही कल्पना) मांडली तेव्हा जनरल मोटर्सवरच्या १९७६ च्या खटल्याचं उदाहरण घेतलं होतं. कंपनीत स्त्रिया होत्या, कृष्णवर्णीयही होते. पण १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना घेतलंच नव्हतं, त्यामुळे ज्येष्ठतेनुसार कपात झाली तेव्हा त्या आधी गेल्या. न्यायालयाने दोन्ही आधार एकत्र करायला नकार दिला. कोष्टकाच्या भाषेत सांगायचं तर आडव्या आणि उभ्या बेरजा ठीक होत्या, मधला चौकोन रिकामा होता, आणि न्यायालयाने फक्त बेरजा पाहिल्या.

२०१८ च्या 'जेंडर शेड्स' अभ्यासात संशोधक बुओलाम्विनी आणि गेब्रू यांनी हाच चौकोन उघडला. सहा देशांच्या संसद सदस्यांचे १२७० चेहरे, त्वचेच्या वर्णानुसार आणि लिंगानुसार विभागलेले. चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणालींची सर्वाधिक चूक गडद वर्णाच्या स्त्रियांसाठी ३४.७ टक्क्यांपर्यंत होती. उजळ वर्णाच्या पुरुषांसाठी ती ०.८ टक्क्यांच्या वर गेली नाही. त्या आधी वापरात असलेल्या दोन प्रसिद्ध चाचणीसंचांत उजळ चेहरे ७९.६ आणि ८६.२ टक्के होते, म्हणजे परीक्षाच एकाच गटाची घेतली जात होती.

प्रत्येक चौकोनात संख्या किती ते पाहा. ३० जणींच्या गटात ३ चुका म्हणजे १० टक्के, पण विल्सन पद्धतीने ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरं प्रमाण ज्या टप्प्यात असण्याची दाट शक्यता आहे तो टप्पा) साधारण ३.५ ते २५.६ टक्के येते. एवढ्यावरून 'भेद नाही' म्हणणं चूक, आणि 'मोठा भेद आहे' म्हणणंही चूक. गट लहान असेल तर चाचणीसंचात तो मुद्दाम जास्त घ्या. प्रशिक्षणसंच वेगळा, तिथे वेगळा निर्णय.

नोंदवही

पण लहान चौकोन छापले तर माणसं ओळखू येतात. आमच्यासारख्यांना नियम असतो की ५ पेक्षा कमी असेल तर झाकायचं.

कोष्टक

हो, आणि नुसतं झाकून ते झाकलं जात नाही. एका ओळीत १२, ५ आणि झाकलेला आकडा, बेरीज २०. तो ३ आहे हे कुणीही काढेल. म्हणून त्याच ओळीतला आणखी एक, आणि त्या दोन्ही स्तंभांतला एकेक आकडा झाकावा लागतो. गाळण्या (फिल्टर) बदलता येणारे फलक (डॅशबोर्ड) असतील तर जास्त जपा, कारण दोन वेगवेगळ्या गाळण्यांमधल्या वजाबाकीतूनही तोच आकडा बाहेर येतो.

माझा आक्षेप दुसऱ्या सवयीला आहे. संख्या लहान म्हणून सगळ्या लहान गटांना 'इतर' मध्ये ढकललं जातं. मग दरवर्षी तेच लोक अदृश्य राहतात. आधी काळ एकत्र करा, म्हणजे तीन वर्षांची मिळून आकडेवारी. मग भूभाग मोठा करा. ओळखीचे गट एकत्र करणं सगळ्यात शेवटी, आणि 'इतर' मध्ये कोण आहेत ते तळटीपेत लिहा. प्रकाशित करण्याआधी त्या गटातल्या लोकांनाच विचारा की आकडा बाहेर गेल्याने त्यांना धोका आहे की न गेल्याने. काही वेळा न दिसणं हेच त्यांचं संरक्षण असतं.

मध्यक

शब्दांच्या सदिशांमधून, म्हणजे संगणकासाठी शब्दांचा अर्थ आकड्यांत मांडणाऱ्या याद्यांमधून, लिंगाची दिशा काढून टाकण्याची पद्धत आहे, २०१६ पासून. ती लावली तर प्रश्न सुटत नाही का?

कर्मणी

नाही. गोनेन आणि गोल्डबर्ग या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की दिशा काढल्यावरही पूर्वी 'स्त्रियांकडे' झुकलेले शब्द एकमेकांजवळच राहतात, आणि साधं वर्गीकरण करणारं मॉडेल त्यांना पुन्हा वेगळं काढतं. मोजपट्टीवरून भेद गेला, रचनेत राहिला. लिंगाचा रकाना काढून टाकणंही असंच. ॲमेझॉनच्या नोकरभरतीच्या प्रायोगिक साधनाबद्दल २०१८ मध्ये बातमी आली होती. त्याला लिंग सांगितलेलं नव्हतं, तरी अर्जात 'विमेन्स' हा शब्द, म्हणजे अमुक महिला मंडळाची कप्तान वगैरे, आला की गुण कमी होत. ते जुन्या अर्जांवरून शिकलं होतं आणि ते बहुतांश पुरुषांचे होते. साधी चाचणी करा: उरलेल्या रकान्यांवरून लिंग ओळखणारं मॉडेल बांधा. ते अंदाजापेक्षा बरंच अचूक निघालं तर लिंग विदात अजून आहे. आणि एका कारणासाठी लिंगाचा रकाना जपूनच ठेवायचा: तो नसेल तर भेद मोजणार कशाने?

अनुक्रमणी

एक छोटी भर, लेबल लावणाऱ्यांबद्दल. छळाचा किंवा अपमानाचा मजकूर ओळखण्यासाठी पाच जण लेबल लावतात आणि ३ विरुद्ध २ झालं की बहुमत ठेवून दोन मतं फेकली जातात. ज्या दोघींनी तो मजकूर धमकी म्हणून वाचला त्यांना तशा धमक्या येत असतील तर त्यांचंच वाचन जास्त जाणकार असतं. बहुमत वेगळ्या रकान्यात ठेवा, पण पाचही मूळ लेबलं, लावणाऱ्यांची गटवार माहिती (संमतीने) आणि त्यांना दिलेली सूचनापत्रिका विदासंचासोबत जपा. किती पैसे दिले, किती वेळ दिला हेही लिहा. तोही श्रमच आहे.

नोंदवही

शेवटी व्यवहारातला प्रश्न. हातात जुनी प्रणाली आहे. 'कुटुंबप्रमुख' असा अनिवार्य रकाना, लिंगाचे दोनच पर्याय, वीस वर्षांचा साठा. सगळं नव्याने करायची मुभा नाही. कुठून सुरुवात करावी?

दिनलेख

जुना रकाना तसाच गोठवा, त्यात बदल करू नका. त्याच्या शेजारी नवा घाला. 'कुटुंबप्रमुख' ऐवजी 'संदर्भव्यक्ती' ठेवा आणि ती कशी निवडायची याचा नियम लिहा, उदाहरणार्थ घर ज्यांच्या नावावर किंवा भाडेकरारावर आहे त्यांच्यापैकी कोणीही. अमेरिकी जनगणनेने १९८० मध्ये 'प्रमुख' हा शब्द सोडला तो असाच. त्यासोबत निर्णय कोण घेतं, कमाई कोणाची, घर कोणाच्या नावावर हे तीन प्रश्न वेगळे विचारा, कारण 'प्रमुख' या एका शब्दात हे तिन्ही कोंबलेले होते.

लिंगासाठी 'सांगायचं नाही' आणि 'विचारलं नाही' हे दोन वेगळे संकेतांक द्या. प्रश्नाची भाषा १५-२० जणांसमोर मोठ्याने वाचून तपासा, 'तुम्हाला या प्रश्नाचा अर्थ काय वाटला' असं विचारून. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत लिंगभावाच्या प्रश्नाची रचना अशी होती की इंग्रजी कमी येणाऱ्या काहींनी तो चुकीचा समजला असण्याची शक्यता पुढे आली, आणि २०२४ मध्ये त्या आकडेवारीचा दर्जा 'अजून विकसित होत असलेली अधिकृत आकडेवारी' असा करावा लागला. भाषांतर केलं असेल तर ही तपासणी प्रत्येक भाषेत स्वतंत्र करा.

मग किमान एक पूर्ण वर्ष जुना आणि नवा दोन्ही भरून घ्या. त्या वर्षाच्या दुहेरी नोंदींवरून जुन्या संकेतांकांचं नव्याशी जुळणीचं कोष्टक तयार होईल. जुनी वीस वर्षं त्याने बदलू नका, फक्त तुलना करताना वापरा. 'पुरुष' भरलेल्या जुन्या नोंदींपैकी किती वेळा तो पर्याय आपोआप निवडलेला होता हेही शोधून ठेवा. अर्जात पहिला पर्याय आधीच टिचकी मारलेला असेल तर त्या काळातल्या लिंगाच्या नोंदी विश्लेषणात 'अज्ञात' धराव्या लागतील.

नोंदवही

टिचकी आधीच मारलेलीच आहे. उद्या कोणत्या आवृत्तीपासून ती तशी आहे ते बदलनोंदीत पाहते आणि तारीख इथे टाकते.